कोळशाची मोटार आणि अठरा ऐनं

वरून परवा चौथा निरोप आला. पत्रक कुठं आहे? विषय ठरलाय, मथळा ठरलाय, कागदसुद्धा छापखान्यात येऊन पडलाय. 'उत्पादन वाढवा.' दोन पानं हवीत, खेड्यातल्या माणसाला कळतील अशी. असली पत्रकं मी एका बैठकीत लिहितो, म्हणून तर माझ्याकडं काम आलं. गेली सात वर्षं मी दुसरं काही केलेलंच नाही. पण ह्या वेळी पहिलं वाक्य लिहिलं, खोडलं, परत तेच लिहिलं आणि तिथंच बसून राहिलो. 'वाढवा' लिहायला काही अडचण नव्हती. 'कशातून' हा शब्द मधे येऊन बसला आणि हलेना.

सहकाऱ्यांपुढं हा शब्द काढला तर ते हसले. एकजण म्हणाला, "तू थकलायस. चार दिवस घरी जा तासगावला, आईच्या हातचं खा." थकलोय हे खरं. पण हा थकवा आईच्या हातचं खाऊन जाणारा नाही. पत्रक होईल तेव्हा होईल. आधी हे लिहून टाकतो.

बेचाळीसच्या चळवळीच्या धामधुमीत मी पाटणच्या पश्चिमेला, कोयनेच्या खोऱ्यात गेलो. बरोबर एक सायक्लोस्टाइल यंत्र होतं आणि दोन धोतरं. यंत्र लपवायला जागा हवी होती आणि मला टेकायला. डोंगराच्या कुशीत वीसेक घरांची एक वाडी होती, तिथं एका बाईनं दोन्हींची सोय केली. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आलेली, म्हणून सगळ्या वाडीची आत्या. मीही आत्याच म्हणू लागलो. यंत्र तिनं गोवऱ्यांच्या ढिगाखाली घातलं. घालताना फक्त एवढंच विचारलं, "ह्यात काय शिजतं रं?"

"पत्रकं."

"मंग ऱ्हाऊ दे. माजं काय खात न्हाई ते."

मी तासगावचा. आमच्याकडं सपाट काळी जमीन, नजर जाईल तिथवर ज्वारी. डोंगरात शेती कशी करतात हे मला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हतं. आत्यानं ते शिकवलं. तिथं भात आणि नाचणी. दोन्हींची रोपं आधी एका लहान तुकड्यात करायची, त्याला तरवा म्हणतात. बी टाकण्याआधी तो तुकडा भाजावा लागतो. झाडांच्या फांद्या, पाला, शेण, माती थराथरानं पसरायचं आणि वैशाखात पेटवायचं. ह्या भाजणीला म्हणायचं राब. राब नाही तर तरवा नाही, तरवा नाही तर वर्षाचं धान्य नाही.

म्हणजे डोंगरातल्या माणसाची खरी इस्टेट शेत नव्हे. शेताच्या वर उतारावर उभी असलेली झाडं. प्रत्येक घराची आपापली पट्टी. आत्याच्या पट्टीत अठरा ऐनं होती. माघ-फाल्गुनात त्यांच्या फांद्या उतरवायच्या, त्याही सगळ्यांच्या नाही. औंदा वरल्या अंगाची नऊ, पुढच्या साली खालची नऊ. आणि कुठल्याही झाडाचा शेंडा तोडायचा नाही. सगळं झाड भुंडं झालं तरी वर एक झुपका ठेवायचा. लांबून पाहिलं तर सगळा डोंगर शेंडी ठेवलेल्या मुंजांनी भरल्यासारखा दिसायचा. मी हसलो होतो पहिल्यांदा पाहून.

आत्या म्हणाली, "हस. शेंडा ऱ्हायला तर झाडाला वाटतं आपण जित्तं हाय. मंग ते फुटतं."

तेव्हाच तिचे डोळे गेले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड-अंधार कळायचा, माणूस आवाजावरून ओळखायची. पण पट्टीत गेली की ऐनाच्या सालीवर हात फिरवून कुठलं झाड ते सांगायची. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते. मला सगळी सारखीच लागायची.

आता मोटारीचं सांगतो.

युद्ध चालू होतं. पेट्रोल मिळत नव्हतं. तेव्हा कराडहून आमच्या खोऱ्यात येणारी एकुलती एक खाजगी मोटार कोळशावर चालायची. आजच्या पोरांना खोटं वाटेल. गाडीच्या पाठीमागं माणसापेक्षा उंच लोखंडी टाकी जोडलेली. तिच्यात लाकडी कोळसा भरायचा, पेटवायचा, हातानं पंखा फिरवायचा, आणि त्या धुमसण्यातून जो गॅस निघेल त्यावर इंजिन चालवायचं. निघायच्या आधी अर्धा-पाऊण तास नुसतं फुंकणं. चढ आला की माणसांनी उतरायचं, बायकांनी चालायचं, पुरुषांनी ढकलायचं. ड्रायव्हर मिरजेचा, मुसलमान, तोंडाचा फटकळ. पंखा फिरवता फिरवता म्हणायचा, "घरी बीबी समजते मी मोटार हाकतो. मी चूल फुंकतोय हितं, चूल! सैपाक तेवढा होत न्हाई, एवढाच फरक."

पण ती मोटार म्हणजे काय होतं, ते खोऱ्यात राहिल्याशिवाय कळायचं नाही. त्याआधी आजारी माणूस डोलीतून न्यायचे, आणि वाटेत काय व्हायचं ते व्हायचं. मोटार आली आणि एक बाळंतीण वाचली, एका साप चावलेल्या गड्याचा पाय वाचला. मोटारीला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. आजही नाही.

माझा संताप वेगळ्याच गोष्टीवर होता. मोटारीला कोळसा पुरवणारा एक ठेकेदार होता. तो लोकांच्या पट्टीतली झाडं कवडीमोलानं घ्यायचा, परक्या मजुरांकडून भट्ट्या लावायचा आणि कराडात चढ्या भावानं विकायचा. झाड वाडीचं, धूर वाडीचा, आणि लोणी खाणार हा. माझं रक्त खवळलं. त्याच आठवड्यात गोवऱ्यांखालचं यंत्र बाहेर काढलं आणि पत्रक मारलं. 'डोंगर आपला, कोळसा आपला, मग मालक परका कसा?' मथळा अजून पाठ आहे. चांगला होता.

लोक पेटले. तीन महिन्यांत ठेकेदार हाकलला आणि वाडीचं कोळसा मंडळ उभं राहिलं. प्रत्येक घरानं पाळीनं कोळसा द्यायचा, जे येईल ते वाटून घ्यायचं. सेक्रेटरी मी. माझं अक्षर चांगलं होतं. मला वाटलं, झालं! अन्यायाची मुळी उपटली. नफा कुणाच्या घरात जातो एवढा एकच प्रश्न मला शिकवलेला होता आणि त्याचं उत्तर मी मिळवलं होतं.

एक नियम मी स्वतः घातला होता, तेवढं श्रेय द्या. कोळशाला फक्त फांद्या वापरायच्या, बुंध्याला कुऱ्हाड लावायची नाही, शेंडा राखायचा. आत्याकडून शिकलो होतो ना.

तो नियम पंधरा दिवस टिकला.

ड्रायव्हर एके सकाळी टाकीचं झाकण उघडून मूठभर काळी पूड माझ्या हातावर ठेवत म्हणाला, "सेक्रेटरीसाब, ह्याला कोळसा म्हणायचं का बुक्का? देवळात लावायला ठेवा. काडीच्या कोळशाचा भुगा होतो, भुग्यानं जाळी तुंबते, आन् जाळी तुंबली की तुमचीच माणसं ढकलत्यात. जाड लाकडाचा द्या."

मंडळाची बैठक झाली. 'तूर्त' असा शब्द घालून मी ठराव लिहिला. तूर्त बुंधा तोडायला हरकत नाही, घरटी दोन झाडं. दोनाची चार झाली. मग गावागावांतून मागणी आली की दिवसाला एक फेरी पुरत नाही, दोन करा. तिचं पत्रकही मीच लिहिलं. त्यात 'प्रगती' हा शब्द पाच ठिकाणी होता. दुसरी फेरी सुरू झाली त्या दिवशी आम्ही गाडीला आंब्याचे डहाळे बांधले. कोळसा दुप्पट लागू लागला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहितो. ठेकेदाराच्या वेळी लोक झाड द्यायला कुरकुरायचे. लपवायचे, भांडायचे, "हे देवाचं हाय" म्हणून खोटं सांगायचे. मंडळ आपलं झाल्यावर कुणी कुरकुरलं नाही. ठेकेदारानं तीन वर्षांत तोडलं नसतं तेवढं आम्ही एका हंगामात तोडलं, आणि हसत तोडलं. कुणी लुबाडत नव्हतं, तर थांबायचं कशाला?

आत्या थांबली होती. तिच्या घराची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "नगं."

"आत्या, सगळ्यांनी दिलंय."

"दिऊ दे."

"मोटार बंद पडेल अशानं."

"तुजी मोटार खाती काय?"

"कोळसा."

"आन् कोळसा सरल्यावर?"

मी म्हणालो, युद्ध संपेल, पेट्रोल येईल, काहीतरी होईल. ती म्हणाली, "हां. मंग त्या काईतरीवर राब भाज तू." आणि उठून गुरांकडं गेली.

मला राग आला. खरंच आला. तिच्या घरी जेवत होतो, तिच्या घोंगडीवर निजत होतो, आणि ती एकटी सगळ्या वाडीच्या कामात खोडा घालते असं मला वाटलं. मला एकच हत्यार येत होतं. तिच्याच पडवीत बसून मी पत्रक लिहिलं आणि चावडीच्या भिंतीला डकवलं. नाव घातलं नाही. 'काही स्वार्थी घटक' असं लिहिलं. 'एकाच्या हट्टापायी सर्वांची वाट अडवू देणार नाही' असंही लिहिलं.

दुपारी मी घरी आलो तर आत्या उंबऱ्यात बसलेली. "काय लावलंस म्हनं चावडीला? वाच की. मला कोन वाचून दावनार?"

खिशात एक प्रत होती. मी वाचायला सुरुवात केली. माझा आवाज सभेत खणखणीत असतो, तो तिथं कुठं गेला कुणास ठाऊक. तिनं मधे अडवलं नाही. संपल्यावर म्हणाली, "ह्यो स्वार्थी घटक कोन?"

"तसं कुणी एक माणूस नाही."

"मीच न्हवं?"

मी कागदाची घडी घातली.

"मंग नाव घाल की लेकरा. लाजतोस कशाला? समद्या वाडीला ठावं हाय, तुलाच तेवढं लिवायला येत न्हाई व्हय?" मग उठत, "जेवून घे. आमटी निवतीया."

मी जेवलो. त्या आमटीचा घास अजून घशात आहे असं लिहिलं तर ते पुस्तकी होईल. खरं सांगायचं तर भूक लागली होती आणि आमटी चांगली होती.

पण दुसऱ्या दिवसापासून चैन पडेना. प्रायश्चित्त म्हणा किंवा लाच म्हणा, मी तिच्या डोळ्यांचं मनावर घेतलं. मिरजेला मोतीबिंदू काढतात हे माहीत होतं. आईला तासगावी पत्र टाकलं, बाईला कराडात उतरवून घे, मिरजेला ने, डोळ्यांवरची पट्टी सुटेपर्यंत आपल्या घरी ठेव. आई तयार झाली. आत्या तयार होईना. महिनाभर लागणार होता आणि परत येईपर्यंत राबासाठी तोडणीचा हंगाम सुरू व्हायचा. शेवटी एक दिवस म्हणाली, "जातीया. पर माजी ऐनं तू राखायची. औंदा वरल्या अंगाची पाळी. मी आल्याबगर कुणाचा हात लागता कामा न्हाई. शबुद दे."

मी दिला. हातावर हात मारून दिला.

ती गाडीत पुढं बसली. जन्मात पहिल्यांदा मोटारीत. दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरलेला. ड्रायव्हर म्हणाला, "आत्या, घोडं न्हाई हे, सोडा त्याला. उधळायचं झालं तरी ताकद पायजे त्यात." ती म्हणाली, "तुज्या हातात हाय म्हनून तर धरलंय, बाबा." सगळी गाडी हसली. चढावर बाकीचे उतरले, तिला कुणी उतरू दिलं नाही. ढकलणाऱ्यांत मी होतो.

ती गेल्याला तीन आठवडे झाले असतील. कराडच्या मोटार-मालकाचा निरोप आला. दोन्ही फेऱ्यांपुरता कोळसा वेळेवर पोचत नाही, आठ दिवसांत पोचला नाही तर गाडी दुसऱ्या रस्त्याला लावतो. सकाळच्या प्रहरी देवळापुढं मंडळ जमलं. कुणाच्या पट्टीत काय उरलंय ते एकेकानं सांगितलं. ऐकता ऐकता मी पहिल्यांदा वर डोंगराकडं पाहिलं, म्हणजे खरोखर पाहिलं. वर शेंड्या नव्हत्या. बुडखे होते, आणि मधे हिरव्या कापडाचं ठिगळ लावावं तशी एक पट्टी.

कुणीच तिचं नाव काढेना. मग एका तरुण गड्यानं काढलं. तो माझा सगळ्यात हुशार चेला. अक्षरओळख मी दिलेली, पत्रकं पाठ करायचा. तो म्हणाला, "आत्याची अठरा ऐनं हायती."

मी म्हणालो, "ती राखायला सांगून गेलीय मला."

"तुमाला सांगितलं, मंडळाला न्हाई."

"मी शब्द दिलाय."

"मास्तर, तुमीच लिवलंय न्हवं? एकाच्या हट्टापायी समद्यांची वाट अडवू दिनार न्हाई. चावडीवर हाय अजून. दावू का?"

त्याला कुचकेपणा करायचा नव्हता. त्याचा माझ्यावर विश्वास होता, तेच वाईट. त्याची बायको अवघडलेली होती, पहिली खेप, दिवस भरत आले होते. त्याला मोटार हवी होती. मी त्याला काय सांगणार होतो? शब्द माझा, बायको त्याची.

मी म्हणालो, बरं, निदान फांद्याच. शेंडा राखून. तर तीन-चार जण एकदम म्हणाले, "भुगा होतोय, डायव्हर घेत न्हाई." मग म्हणालो, निदान खालची नऊ. कुणीतरी म्हणालं, नऊंवर आठवडा निघेल, मग पुन्हा बैठक.  उठून जाऊ शकलो असतो. ओरडू शकलो असतो, ओरडायला मला येतं. तसलं काही केलं नाही. ठराव मीच लिहिला. माझं अक्षर चांगलं होतं.

तोडणीच्या पहिल्या दिवशी मी वर गेलो. न जाणं भेकडपणाचं झालं असतं, एवढी अक्कल शिल्लक होती. वरल्या अंगाच्या एका जुन्या ऐनाच्या बुंध्याला गळूसारखी फुगोटी होती. तिथं कुऱ्हाड बसली आणि आतून पाण्याची धार उडाली. मी दचकलो. वाडीतल्या माणसांना त्याचं नवल नव्हतं, ऐन पोटात पाणी साठवतो, उन्हाळ्यात गुराखी त्यावर तहान भागवतात. सगळ्यांनी ओंजळी लावल्या. मलाही बोलावलं, "या मास्तर, गार हाय." मी प्यालो. जरा तुरट होतं.

आठ दिवसांत अठराही गेली. भट्ट्या लागल्या. कोळसा उत्तम उतरला, हातात घेतला तर काचेसारखा वाजायचा. चेल्याची बायको मोटारीनं पाटणला गेली, सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. हेही लिहिलं पाहिजे. हे गाळलं तर मी पुन्हा पत्रकच लिहितोय असं होईल.

फाल्गुनात आईचं पत्र आलं. डोळ्यांची पट्टी सुटली, चष्मा लागला, बाई अंगणातल्या चिमण्या मोजत बसते, आता ठेवून घेणं अवघड आहे, अमक्या दिवशी कराडात बसवते.

त्या दिवशी मी थांब्यावर उभा होतो. गाडी नेहमीपेक्षा लवकर आली. खालच्या चढावर कुणी उतरलेलं नव्हतं, ढकललं नव्हतं. इंजिनाचा आवाज एकसारखा, दमदार. ड्रायव्हर खाली उतरला तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "सेक्रेटरीसाब, तुमी सांगा तिला, मला न्हाई जमलं. म्हणती, आज गाडी ढकलावी लागली न्हाई, लय गुमान आली, काय केलंस? म्या म्हटलं, कोळसा ब्येस हाय. कुठला, म्हणती. खुदा कसम, म्या नुसता गिअर बदलत ऱ्हायलो."

आत्या दाराशी आली. जाड भिंगांचा चष्मा, त्यामागं डोळे भलेमोठे दिसत होते. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "ह्यो व्हय तू? आवाजावनं मोठा वाटायचास."

मी हसण्याचा प्रयत्न केला. तिचं गाठोडं घेतलं. थांब्यापासून वाडीची वाट वळली की डोंगर समोर येतो. ती वळणावर उभी राहिली. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. बराच वेळ पाहत होती. मला वाटलं ओळखलंच नाही तिनं. ओळखण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

"त्यो ओघळीच्या वरचा उतार कुनाचा रं?"

"तुमचाच, आत्या."

 ती चालू लागली आणि चार पावलं गेल्यावर मागं न बघता म्हणाली, "बरं झालं आदी डोळं केलं. न्हाईतर हायती म्हनून सांगितलं असतंस."

 खरंच सांगितलं असतं. हात धरून वर नेलं असतं का, ते माहीत नाही. पण सांगितलं असतं.

त्या वैशाखात सगळ्या वाडीनं राब भाजला तो रानातला कचरा, वाळकं गवत, जुन्या छपरांची पेंढी घालून. पुरला नाही. तरवा पिवळा आणि विरळ आला. पावसाळ्यानंतर पाच घरांतले गडी मुंबईला गेले, त्यांत माझा चेलाही गेला. आत्यानं आपल्या वाट्याचा भात निम्म्या वावरात लावला आणि निम्मं पडीक ठेवलं. मला तिनं घरातून काढलं नाही. जेवायला वाढायची. बोलायची नाही.

आणि मग युद्ध संपलं. थोडं थोडं पेट्रोल मिळू लागलं. एके दिवशी मोटार आली तर पाठीमागची टाकी नाही. ती जागा रिकामी, पत्र्यावर फक्त बोल्टांची भोकं. ड्रायव्हर आनंदात होता, "सुटलो चुलीतनं!" मंडळानं भट्टीवर तयार ठेवलेली पोती कुणाला नको होती. ती पावसात भिजली. वर्षभर थांबलो असतो तर? हे मी स्वतःला किती वेळा विचारलंय. पण तेही फसवं आहे. वर्षभर थांबलो असतो तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कशासाठी तरी तोडली असती, आणि मी त्याचंही पत्रक चांगलं लिहिलं असतं. मला 'पुरे' हा शब्द कुणी शिकवला नव्हता. माझ्या एकाही पत्रकात तो नाही, मी शोधून पाहिलंय.

आता खोऱ्यात मोजणीवाले फिरताहेत. नदी अडवायची, वीज करायची, कारखाने चालवायचे. चांगलं असेल. अंधारात बसा असं मी कुणाला सांगणार नाही, मोटारीनं माणसं वाचलेली मी पाहिली आहेत. फक्त सांगलीच्या कार्यालयात बसून मला ते दोन पानांत मांडता येत नाही. मथळ्यापुढं उद्गारचिन्ह द्यायला हात उठत नाही.

ऐनाच्या बुडख्याला फुटवा येतो. पहिल्याच पावसानंतर आला. तो शेळ्यांनी खाल्ला. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात मी करवंदीच्या काट्या तोडून आणल्या आणि एकेका बुडख्याभोवती कुपाटी घातली. हात सोलून निघाले. वाडीतले येता-जाता म्हणायचे, "सेक्रेटरी, झाडांच्या मुंजी लावताय का पुन्हा?" आत्या खालून बघत बसायची. अठरापैकी सात फुटले नाहीत. अकरा फुटले. मी सांगलीला परतलो, तरी दर चैत्रात जातो, कुपाटी नीट करून येतो. पहिल्या वर्षी तिनं पाणी दिलं. दुसऱ्या वर्षी भाकरी.

ह्या चैत्रात गेलो तेव्हा तीही काठी टेकत वर आली. एका फुटव्याला बोटभर जाडीच्या चार काड्या होत्या. तिनं तीन मोडून टाकल्या, मधली सरळ ठेवली. मी विचारलं, "आत्या, राबाला फांद्या द्यायला किती वर्षं लागतील ह्याला?"

"का रं? तुज्या पत्रकात लिवलं न्हाई?"

 ती पुढच्या बुडख्याकडं वळली, चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, "लय लागत्याल. ही कुपाटी ढिली हाय बघ. नीट बांध."

मी बांधली.